मोटारीची निगा : कंपनीकडे कीं मिस्त्रीकडे?

दसऱ्याच्या दिवशीं वाशीमच्या रस्त्यावर नवी मोटार दिसली, कीं तिच्या नाकावर झेंडूची माळ, चाकांखालीं लिंबू आणि कांचेवर कुंकवाचें स्वस्तिक हीं असावयाचींच. सोयाबीनची काढणी ऐन भरांत असते, घरांत पैसा येण्याचे दिवस असतात आणि धन्यानें हप्त्यांचा हिशेब मनाशीं पक्का केलेला असतो. पेट्रोलचा हिशेबही त्यानें केलेला असतो. सहसा राहून जातो तो गाडीच्या निगेचा हिशेब. मोटार एकदां विकत घ्यावी लागते. तिची निगा मात्र वर्षांमागून वर्षें विकत घ्यावी लागते, ही गोष्ट त्या मुहूर्ताच्या आनंदांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

नव्या गाडीच्या पहिल्या दोन-तीन तपासण्या कंपनीच्या केंद्रांत विनामूल्य म्हणून सांगितलेल्या असतात. त्यांतील मजुरी तेवढी विनामूल्य असते. तेल व फिल्टर बदलावे लागले तर त्यांचे पैसे धन्यासच मोजावे लागतात. त्या तपासण्या संपल्या म्हणजे पहिलें पुरतें बिल हातीं येतें. समजा, तें नऊ हजार रुपयांचें झालें. २०२५-२६ या हंगामासाठीं केंद्र सरकारनें सोयाबीनला क्विंटलमागें ५,३२८ रुपये हमीभाव ठरविला. म्हणजे हमीभाव पुरता पदरीं पडला असें धरलें, तरी त्या एका कागदावर पावणेदोन क्विंटलांच्या जवळपास सोयाबीन गेलें! अशा वेळीं शेजारी म्हणतो, “एवढे पैसे कशाला घालवलेत? आपल्या मिस्त्रीकडे न्यायची होती.” तेथूनच प्रश्न उभा राहतो. कंपनीच्या केंद्रांत जावें कीं कोपऱ्यावरच्या गॅरेजांत?

प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं त्या बिलाची फोड करून पाहिली पाहिजे. त्याचा पहिला भाग सामानाचा. इंजिनचें तेल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक-ऑइल, कूलंट, झिजलेले ब्रेक-पॅड हीं सर्व त्यांत आलीं. दुसरा भाग मजुरीचा आणि तिसरा कराचा. पूर्वीं मोटारीच्या बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के वस्तु-सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. पांच हजारांच्या मालावर जेथें चौदाशें रुपये कर पडत असे, तेथें त्या दिवसापासून नऊशें पडूं लागला. मजुरीवरील कर १८ टक्केच आहे. ज्या लहान मिस्त्रीची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आंत आहे, त्यास या कराची नोंदणी सामान्यतः सक्तीची नसते. म्हणून त्याच्या मजुरीवर कर चढत नाहीं. त्याची स्वस्ताई कांहीं अंशीं येथेंच उगम पावते.

बिलाचा चौथा भाग त्यावर वेगळा छापलेला नसतो. परंतु बिल फुगतें तें बहुधा त्याच्याच योगानें. इंजिन आंतून स्वच्छ करणें, ए.सी.चें निर्जंतुकीकरण, अंगावर टेफ्लॉनचा लेप, तळाला गंजरोधक लेप अशीं हीं जादा कामें होत. त्यांपैकीं एखादें काम एखाद्या गाडीस केव्हां तरी उपयोगी पडेलही. परंतु गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत तें त्या टप्प्यावर सांगितलेलें नसेल, तर “हें कशासाठीं?” असें विचारण्याचा धन्यास पूर्ण अधिकार आहे. पुष्कळ धनी विचारीत नाहींत. गार खोलींत, चहाचा पेला हातीं घेऊन बसलेल्या माणसास नकार देण्याचा संकोच वाटतो.

कंपनीचें केंद्र महाग पडतें, याचें कारण केवळ लोभ नव्हे. प्रशस्त जागा, गाडी उचलणारे पाळणे, संगणकीय तपासणीचीं यंत्रें, कंपनीनें शिकविलेले कारागीर आणि नोंदी ठेवणारे कारकून या सर्वांचा खर्च त्या मजुरींतच निघावयाचा असतो. शिवाय नव्या गाडीच्या विक्रींत विक्रेत्यास सुटणारा नफा बेताचाच असतो. त्याचा संसार मोठ्या प्रमाणांत दुरुस्ती आणि सुटे भाग यांवर चालतो. त्या बदल्यांत गाडीचा लेखी इतिहास राहतो, सामानाची खात्री मिळते आणि काम बिघडल्यास जाब विचारण्यास एक मोठें दार असतें.

उलट बाजूस मिस्त्री पाहावा. पत्र्याचें छप्पर, समोर लिंबाचें झाड आणि हाताखालीं दोन पोरें एवढाच त्याचा पसारा. परंतु गाडीचा आवाज ऐकून तो दुखणें सांगतो. काम धन्याच्या डोळ्यांदेखत होतें आणि काढलेला झिजका भाग तो हातांत ठेवून दाखवितो. केंद्रांत ज्या जागीं सबंध जोडणी बदलली जाते, त्या जागीं तो पुष्कळदां आंतील एक लहानसा भाग बदलून काम निभावतो. मात्र त्याच्याही उणिवा आहेत. पावती बहुधा नसते. बाजारांत नामांकित वेष्टनांत भरलेलें नकली तेल व नकली फिल्टर मिळतात, आणि ते ओळखणें त्यालाही नेहमीं साधत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ या प्रदूषण-मर्यादेच्या गाड्या आल्या. त्यांचें इंजिन संवेदकांच्या आणि संगणकाच्या तंत्रानें चालतें. तेथें नुसता कान पुरत नाहीं, योग्य स्कॅनर लागतो.

तो स्कॅनर आणि ते अस्सल भाग मिस्त्रीस कां मिळूं नयेत, हा प्रश्न भारतांत एका ग्राहकानें २०११ सालीं स्पर्धा आयोगापुढें नेला. आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं निर्णय दिला आणि मारुती, टाटा, महिंद्र, टोयोटा यांसह १४ मोटार-कंपन्यांस स्पर्धा कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी ठरविलें. दंडाची एकूण रक्कम सुमारें २,५४५ कोटी रुपये होती. आयोगाचें म्हणणें थोडक्यांत असें : गाडी घेईपर्यंत ग्राहकास दहा कंपन्या मोकळ्या असतात, एकदां गाडी घेतली कीं तिच्या सुट्या भागांसाठीं तो त्या एकाच कंपनीच्या मुठींत सांपडतो. म्हणून कंपन्यांनीं सुटे भाग, तपासणीचीं साधनें आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांसही उपलब्ध करून द्यावी, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सबंध हमी रद्द करण्याची अट घालूं नये, असा आदेश झाला. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीनें जें नुकसान झालें असेल, तेवढ्यापुरती हमी नाकारण्यास मात्र हरकत ठेविली नाहीं. या निर्णयावर कंपन्यांनीं अपिलें केलीं, दंडाच्या मोजणीवर वाद झाले. परंतु प्रश्नाचें स्वरूप त्या दिवसापासून कायमचें स्पष्ट झालें.

हा विचार भारतापुरताच नाहीं. अमेरिकेंत १९७५ च्या हमीविषयक कायद्यानें, अमुकच ठिकाणचा माल किंवा सेवा घेतली तरच हमी टिकेल, अशी अट घालण्यास सामान्यतः बंदी केली. मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा मोटारींसाठीं स्वतंत्र कायदा केला. युरोपांत २००२ च्या नियमांनीं स्वतंत्र गॅरेजांस तांत्रिक माहिती खुली करण्याचा मार्ग घालून दिला. भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ सुरू केलें. त्यांत मोटारींबरोबर शेतीचीं यंत्रेंही धरलीं आहेत. वाशीमसारख्या जिल्ह्यास ही गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण मोटारीविषयींचा प्रश्न उद्यां ट्रॅक्टरविषयींही पडावयाचाच आहे.

आतां व्यवहाराकडे वळावें. वाशीमच्या धन्यास अंतर विसरून चालत नाहीं. ज्या कंपनीचें केंद्र वाशीममध्यें नाहीं, तिच्या गाडीस अकोल्याची वाट धरावी लागते. जाऊन-येऊन सुमारें १६० किलोमीटर, लिटरला सोळा किलोमीटर धरले तर दहा लिटर पेट्रोल, म्हणजे हजाराहून अधिक रुपये. आणि एक सबंध दिवस खर्चीं पडतो. गाडी रिसोडची किंवा मानोऱ्याची असेल, तर हिशेब निराळा मांडावा लागेल. गांवांतील मिस्त्रीशीं तुलना करतांना हा खर्च बिलाखालीं मिळवलाच पाहिजे.

म्हणून शहाण्या धन्यानें दोन्हीं दारांपैकीं एकच कायमचें बंद करूं नये. कामाप्रमाणें दार निवडावें. हमीची मुदत चालू आहे तोंवर ठरलेल्या तपासण्या केंद्रांत करणें सोयीचें, कारण पुढें वाद झाल्यास लेखी नोंद हाताशीं असते. कंपनीनेंच दोषासाठीं परत बोलावलेली गाडी केंद्रांतच न्यावी. तें काम विनामूल्य होतें. एअरबॅग, ए.बी.एस. आणि इंजिनच्या संगणकाचीं कामें योग्य साधनांवांचून कोणीही करूं नयेत. परंतु मुदत संपलेल्या गाडीचें तेल व फिल्टर बदलणें, ब्रेक-पॅड, क्लच, सस्पेन्शन, बॅटरी हीं कामें जाणता मिस्त्री उत्तम करितो. सामान धन्यानें स्वतः पावतीसह आणावें. कंपन्यांस भाग पुरविणारे कारखानदार पुष्कळदां तोच भाग स्वतःच्या नांवानेंही बाजारांत विकतात. वेष्टनावरची छापील किंमत वाचल्यास फरक कळतो. तेलाची श्रेणी पुस्तिकेंत लिहिलेलीच घ्यावी.

दोन्हीं ठिकाणीं एक नियम सारखाच. काम सुरू होण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, विचारल्यावांचून जादा काम होऊं नये असें बजावावें, आणि काढलेले जुने भाग मागून घ्यावे. एका साध्या वहींत तारीख, किलोमीटर व काम लिहून ठेवावें. गाडी विकतांना ती वही पैसे मिळवून देते. फसवणूक झालीच, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. पावती नसेल तर मात्र तेथें तोंड उघडणें अवघड.

काटकसरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग वाशीम जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. हलक्या वाहनांस तेथें ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. उन्हाळ्यांत सिमेंटच्या त्या तापल्या रस्त्यावर, त्या वेगानें, गुळगुळीत झालेला टायर किंवा संपत आलेला ब्रेक-पॅड घेऊन जाणारा माणूस पैसे वांचवीत नसतो, घरच्या माणसांचे प्राण पणाला लावीत असतो. केंद्र असो वा गॅरेज, ब्रेक आणि टायर यांत कसर करण्याचा सल्ला देणारा कारागीर टाळावा.

शेवटीं या प्रश्नाची एक बाजू धन्याच्या खिशाबाहेरची आहे. गांवोगांवच्या मिस्त्रीनें आपली विद्या उस्तादाच्या शिव्या खाऊन, तेलांत हात बुडवून मिळविलेली आहे. गाड्या संगणकमय होत आहेत, विजेच्या गाड्या येत आहेत, आणि कुलूपबंद यंत्रापुढें त्याचा पाना लटका पडत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार-दुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकून बाहेर पडणाऱ्या मुलापुढेंही हीच भिंत आहे. त्यास भाग, माहिती व साधनें मिळालीं, तर तालुक्याच्या गांवीं एक संसार उभा राहील आणि धन्याची अकोल्याची फेरी वांचेल. न मिळालीं, तर गॅरेजाचें तें पत्र्याचें छप्पर एक दिवस रिकामें होईल; आणि मग केंद्रांतील बिल महाग आहे कीं स्वस्त, हें ताडून पाहावयास दुसरें बिलच उरणार नाहीं.