जनुकाला कुंपण घालता येते का?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुमच्याच विषयावर बोला, पण सोपे बोला," अशी अट कार्यवाहांनी मला घातली आहे. माझी सारी नोकरी बियाण्यांच्या तपासणीत गेली, म्हणून बियाण्यांबद्दलच बोलतो.

आपल्याच शहरातील दिल्ली विद्यापीठात डॉ. दीपक पेंटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीचे 'डीएमएच-11' हे जनुकीय बदल केलेले संकरित वाण तयार केले. ऑक्टोबर 2022 मध्ये ते चाचण्या व बीजोत्पादनासाठी शेतात नेण्यास केंद्राची मान्यता मिळाली. 23 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरोधी निकाल दिले. असे वाण चांगले की वाईट, या वादात मी आज शिरणार नाही. मला एकच प्रश्न मांडायचा आहे. एकाने आपल्या शेतात असे पीक घेतले आणि शेजाऱ्याला ते नको असेल, तर त्याचे जनुक बांधापलीकडे जाऊ नये म्हणून काय करता येते?

जनुक दोन वाटांनी प्रवास करते. पहिली वाट परागकणांची. मोहरीचे फूल बरेचसे स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाशी काही पराग दुसऱ्या शेतात नेतेच. वाऱ्यावर फळणाऱ्या पिकांची गोष्ट तर आणखी वेगळी. आपण बाप्पाला दूर्वा वाहतो. दूर्वेसारखेच जमिनीवर पसरणारे 'बेंटग्रास' नावाचे एक गवत अमेरिकेत गोल्फच्या मैदानांवर लावतात. तणनाशक सहन करणारे बेंटग्रास ओरेगॉन राज्यात प्रयोगादाखल पेरले गेले. त्याच्या परागाने 21 किलोमीटरवरच्या रोपांत बी धरल्याचे शास्त्रज्ञांनी 2004 साली प्रसिद्ध केले. पुढे हे गवत कालव्यांच्या काठी रुजले आणि पूर्णपणे काढून टाकता आले नाही.

दुसरी वाट बियाण्याची, आणि माझ्या मते तीच अधिक धोक्याची. पेरणी यंत्रात राहिलेले चार दाणे, मळणी यंत्राचा कोपरा, गोदामात बदललेले पोते, एवढे पुरते. अमेरिकेत 'एलएल 601' या तणनाशक-सहनशील तांदळाच्या चाचण्या 2001 सालीच संपल्या होत्या. तरी ऑगस्ट 2006 मध्ये बाजारातील लांब दाण्याच्या तांदळात त्याचा अंश सापडला. युरोप आणि जपानने निर्बंध घातले, भाव कोसळले. 2011 साली शेतकऱ्यांना 75 कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तडजोड झाली. हा तांदूळ नेमका कसा मिसळला, याचा उलगडा सरकारी चौकशीतही झाला नाही.

आता उपाय पाहू. सर्वांत जुना उपाय अंतराचा. आपल्याकडे संकरित मक्याचे प्रमाणित बियाणे घेताना दुसऱ्या मक्यापासून 200 मीटर अंतर ठेवावे लागते. कागदावर हे सोपे दिसते. पण हिशेब करून पाहा. दोन एकरांच्या चौकोनी शेताची एक बाजू साधारण 90 मीटर भरते. चारी बाजूंना 200 मीटर सोडायचे, तर भोवतालच्या सुमारे 50 एकरांत कोणी मका लावता कामा नये. म्हणजे हा नियम एका शेतकऱ्याला पाळता येत नाही, तो अख्ख्या शिवाराने पाळावा लागतो. पेरणी मागेपुढे करून फुलोऱ्याची वेळ चुकवता येते, पण पाऊस लांबला की तेही गणित बिघडते.

दुसरा उपाय रोपातच कुलूप घालण्याचा. डीएमएच-11 मध्ये नरवंध्यत्वाचे जनुक आहे, मग पराग उडणार कसा, असे मला अनेकजण विचारतात. ही समजूत अपुरी आहे. नरवंध्य असते ती संकराची मादी. दुसऱ्या पालकातील जनुक ते वंध्यत्व दूर करते, आणि शेतकऱ्याच्या हाती येणारे संकरित रोप फलक्षम असते. नाहीतर त्याला मोहरी मिळणारच नाही! ते नरवंध्यत्व संकर घडवण्यासाठी आहे, जनुक अडवण्यासाठी नाही.

हरितलवकात जनुक घालणे ही अधिक चांगली युक्ती आहे. बहुतेक पिकांत हरितलवक आईकडूनच येते, त्यामुळे परागातून ते जनुक सहसा जात नाही. पण पोत्यातून सांडलेल्या बीला ही युक्ती लागू पडत नाही.

सर्वांत पक्के कुलूप 'टर्मिनेटर' तंत्राचे. त्याचे पेटंट अमेरिकेत मार्च 1998 मध्ये दिले गेले. या तंत्रात पिकाचे बी पुन्हा उगवतच नाही. जनुक थांबते, पण त्याबरोबर शेतकऱ्याचे घरचे बियाणेही थांबते. जगभर विरोध झाला आणि ते बाजारात आले नाही. आपल्या 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने अशा वाणांची नोंदणी नाकारली आणि बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. मला हा निर्णय योग्य वाटतो. चोर अडवण्यासाठी घरधन्यालाच बाहेर काढायचे, हा काही उपाय नव्हे.

मग उरते काय? कोणतेही एक कुंपण पुरत नाही, म्हणून दोन-तीन कुंपणे एकत्र हवीत, आणि तीही पहिले बी शेतात पडण्यापूर्वी. अशा वाणाबरोबर त्याची ओळख पटवणारी स्वस्त चाचणी तालुक्यापर्यंत पोचली पाहिजे. त्याची यंत्रे आणि गोदामे वेगळी हवीत. आणि शेजाऱ्याचे पीक भेसळले, तर भरपाई कोणी द्यायची हे आधीच लिहून ठेवलेले असावे. ते नंतर ठरवायचे म्हटले, तर गरीब शेतकरी कोर्टाच्या पायऱ्या किती चढणार?

आपल्यापैकी पुष्कळांची गावी थोडीफार जमीन आहे. तेथे घरचे बियाणे राखत असाल, तर ते शेताच्या मधोमध धरा, बांधालगतच्या ओळींतले घेऊ नका. परका पराग तेथेच जास्त पडतो. भाड्याचे मळणी यंत्र आले, तर आधी झाडून घ्या. जुन्या वाणांचे नमुने दिल्लीत पुसा येथील राष्ट्रीय जनुकपेढीत शीतगृहात जपले जातात, ही मोठीच सोय आहे. पण पेढीतले बी शेतात पेरले जाते तेव्हाच ते पावसापाण्याशी जुळवून घेत राहते. ते काम शेतकऱ्याचेच, आणि ते त्याला करता यावे एवढे पाहणे आपले.

 गणपती बाप्पा मोरया!