तजवीद: मराठी जिभेला काय येतं, काय शिकावं लागतं

इयरफोन कानात आहेत ना? आजचा भाग ऐकायचा तर आहेच, पण सोबत म्हणूनही बघायचा आहे.

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतो: "मोबाईलवर देवनागरीत लिहिलेलं कुरआन वाचतो. चालेल का? आणि तजवीद एवढी अवघड का?"

तजवीद म्हणजे एखादी गोष्ट चांगली, नीटस करणं. प्रत्येक अक्षराला त्याची जागा आणि त्याचा हक्क देणं. आणि खरं सांगू? यातलं बरंचसं तुमच्या जिभेला आधीच येतं.

आता मोठ्याने म्हणा: आंबा. अनुस्वाराचा उच्चार काय झाला? म्. आता म्हणा: रंग. इथे तो नाकात गेला. आता संयम. य जरा दुहेरी झाला, नाकातून आला. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तरी येतं.

अरबीत साकिन नून, म्हणजे स्वर नसलेला न्, आणि तनवीन यांचे नियम असेच चालतात. पुढे ब आला की न् चा म् होतो: 'मिन् बअद'चं 'मिम् बअद'. याला इक़लाब म्हणतात. पुढे य आला की 'मन् यक़ूलु'चं 'मय्यक़ूलु' होतं, तो इदग़ाम. पुढे क आला की न् नाकात लपतो, तो इख़्फ़ा. आणि घशातून येणारं अक्षर आलं की न् स्वच्छ, तो इज़हार. इज़हारची 6 अक्षरं, इदग़ामची 6, इक़लाबचं 1, इख़्फ़ाची 15. झाली की 28! फरक एवढाच, की इथे नाकातला आवाज, म्हणजे ग़ुन्ना, साधारण दोन मात्रा धरायचा. आपण मराठीत तो पटकन सोडून देतो.

मग अडतं कुठे? देवनागरीत.

'सैफ' लिहिलं. तलवार की उन्हाळा? अरबीत दोन्ही शब्द आहेत. तलवारीचा स पातळ, उन्हाळ्याचा स जाड, तोंड भरून. आपल्याकडे अक्षर एकच. 'क़ल्ब' म्हणजे हृदय. त्यातला क़ जिभेच्या मुळापासून, पडजिभेजवळून येतो. तोच थोडा पुढे आणून साधा क म्हटला, तर 'कल्ब' म्हणजे कुत्रा.

दुसरी अडचण आपल्या सवयीची. आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो, शेवटचा अ गिळतो. फ़ातिहामध्ये 'अनअम्त' हा शब्द आहे, अर्थ 'तू कृपा केलीस'. तिथला शेवटचा अ स्पष्ट यायला हवा. त्याचा उ केला, तर अर्थ होतो 'मी कृपा केली'. कर्ताच बदलला! अशा चुकीला लह्‌न जली, म्हणजे उघड चूक म्हणतात. ग़ुन्ना थोडा कमी पडणं ही लह्‌न ख़फ़ी, म्हणजे बारीक चूक. आधी उघड चुका काढा, बारीक नंतर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. देवनागरी हा फक्त टेकू समजा. तजवीद कानातून येते: उस्तादाने म्हणायचं, आपण म्हणायचं, त्यांनी दुरुस्त करायचं. मोबाईल सरावाला उत्तम. इजिप्तचे क़ारी महमूद ख़लील अल-हुसरी यांनी 1961 साली संपूर्ण कुरआन संथ, स्वच्छ वाचनात रेकॉर्ड केलं. ते एकेक आयत ऐका, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, दोन्ही शेजारी ठेवून ऐका. पण क़ कुठे घसरतोय ते समोर बसलेला माणूसच सांगतो.

आणि लाजून वाचन सोडू नका. पंचविशीत अलिफ़-बा सुरू करायला संकोच वाटतो, लहान मुलं पुढे निघून जातात, हे मला माहीत आहे. बुख़ारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत हज़रत आयशा यांच्याकडून आलेली हदीस आहे: जो अडखळत, कष्टाने वाचतो, त्याला दुहेरी सवाब. नियम माणसाला गप्प करण्यासाठी नाहीत, नीट बोलतं करण्यासाठी आहेत.

या आठवड्याचं काम: फक्त क आणि क़. रोज पाच मिनिटं. पुढच्या भागात मद्द, म्हणजे स्वर किती लांबवायचा ते बघू. तोवर ख़ुदा हाफ़िज़, काळजी घ्या!