छोट्या शीतकपाटाचे मोठे बिल

(करडी, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



करडीसारख्या गावी येऊन शीतकपाटावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. धानाचा भाव आणि तलावाचे पाणी हे आपले नेहमीचे विषय. परंतु मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा दूध नासते, मासळी बाजार गाठण्यापूर्वी उतरते, आणि मधुमेही म्हाताऱ्याचे इन्सुलिन कोठे ठेवावे हा प्रश्न पडतो. फ्रिज ही श्रीमंतांची चैन, हा आपल्यातील जुना समज आता सोडावयास हवा.

प्रश्न आहे तो कोणता घ्यावा हा. घर लहान, मिळकत लहान, म्हणून फ्रिजही लहान घ्यावा, बिलही लहान येईल, असा सरळ हिशेब मांडला जातो. निसर्गाचा हिशेब निराळा आहे. पेटीची प्रत्येक बाजू निम्मी केली तर आतली जागा एकअष्टमांश उरते, पण भिंतींचे क्षेत्रफळ एकचतुर्थांश राहते. आणि उष्णता शिरते ती भिंतींतून. त्यातच जागा वाचविण्यासाठी भिंती पातळ करतात. म्हणून पन्नास लिटरच्या कपाटाची वार्षिक वीज पुष्कळदा एकशेऐंशी लिटरच्या चांगल्या कपाटाइतकीच, म्हणजे दीडशे-दोनशे युनिटांच्या घरात असते.

गोदरेज कंपनीने २००८ च्या सुमारास उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांशी विचारविनिमय करून ‘छोटूकूल’ घडविले. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. झाकण वर, म्हणजे उघडताच गार हवा सांडू नये. बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालावे. कल्पना खरोखर चांगली होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु त्यात कॉम्प्रेसर नव्हता. विजेच्या प्रवाहाने थेट गारवा निर्माण करणारी ती पद्धत तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी अधिक वीज घेते, आणि बाहेरच्या हवेपेक्षा काही ठराविक अंशच खाली जाऊ शकते. ते यंत्र खेड्यात अपेक्षेप्रमाणे खपले नाही. पुढे ते शहरी ग्राहकांकडे वळविण्यात आले.

आता बिलाकडे वळू. कॉम्प्रेसर नसलेली, साठ वॉट घेणारी पेटी अखंड चालली असे धरा. महिन्याला त्रेचाळीस युनिट झाले. चांगले कॉम्प्रेसर-कपाट पंधरा युनिटांत भागवते. महावितरणचा घरगुती दर २०२४-२५ साली वहन आकारासह शंभर युनिटपर्यंत ५.८८ रुपये होता आणि त्यापुढील युनिटांना ११.४६ रुपये. ज्या घराचा वापर आधीच ऐंशी युनिट आहे, तेथे पंधरा युनिटांचे अठ्ठ्याऐंशी रुपये होतात. पण त्रेचाळिसांपैकी तेवीस युनिट शंभरी ओलांडतात आणि एकूण तीनशे एक्क्याऐंशी रुपये पडतात. वर्षाचा फरक साडेतीन हजार! म्हणजे खरेदीत जे वाचले ते बिलातून जात राहते.

नागपूरहून आणलेल्या जुन्या फ्रिजची गत याहून वाईट. दाराचे रबर सैल, आत बर्फाचा थर, यंत्र रात्रंदिवस घुरघुरते. दारावरची तारांकित चिठ्ठीही चाचणीगृहाच्या ठरलेल्या उष्णतेत मोजलेली असते. आत पाच अंश आणि बाहेर पंचवीस असता जितकी उष्णता शिरते, तिच्या दुप्पट बाहेर पंचेचाळीस असता शिरते. पत्र्याखाली, चुलीच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटाचे काय होत असेल ते ओळखा. शेजारच्या मौद्यात एवढे मोठे वीज केंद्र उभे आहे, त्याची राख आणि धूर या भागाने पाहिला. वीज मात्र आपल्याला मोजूनमापूनच वापरावी लागते.

म्हणून गावात कोणी फ्रिज घेण्यास निघाला तर कार्यकर्त्याने सोबत जावे. किंमत व लिटर नंतर विचारावेत. चिठ्ठीवरील वार्षिक युनिटांचा आकडा आधी वाचावा, त्याला बाराने भागून घरच्या बिलात मिळवून पाहावा, आणि शंभरी ओलांडते का ते तेथेच सांगावे. मासळी विकणाऱ्या बायांनी प्रत्येकीने लहान पेटी घेण्यापेक्षा जाड भिंतींची एकच सामायिक बर्फपेटी करून पाहावी. तिचा खर्च आज संध्याकाळी बसून काढू. बर्फ कोठून आणि काय भावाने येतो, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी थांबावे.