रविवारचा बुफे आणि आपली येळवस



रौप्यमहोत्सवाचं जेवण रविवारी अकरालाच ठेवलं म्हणून काहीजण कुरकुरले. हा नाश्ता की जेवण? याला ब्रंच म्हणतात. १८९५ मध्ये इंग्लंडात गाय बेरिंजरने लेख लिहून त्याची बाजू मांडली. आपल्याकडे तर येळवस होतीच की! मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, मग तुरीच्या-हरभऱ्याच्या सोल्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. लातुरात त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. ज्याला शेत नाही त्यालाही आवतन असायचं, हे विशेष.

बुफेला माझा विरोध नाही. पण आपले संस्थापक सभासद आता पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यांनी काठी धरायची की प्लेट? म्हणून समितीशी भांडून मी दोन रांगांची पंगत मंजूर करून घेतली. आपला वॉचमन, झाडलोट करणाऱ्या बाया, त्यांची लेकरं याच पंगतीत बसतील, मागून नाही. आंबील मडक्यात तयार आहे. वाढायला चार पोरं पाहिजेत, कोण येतंय ते हात वर करा.