चालती नोकरी सोडून पुन्हा वर्गात

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व या व्यासपीठावरून आपण दरवर्षी ऐकता. ते मी पुन्हा सांगणार नाही. आज मला ज्याच्याविषयी बोलायचे आहे, तो माणूस सहसा मंडपात मागच्या बाजूला उभा असतो. बक्षीस घ्यायला आलेल्या मुलाचा तो बाप असतो, नाहीतर थोरला भाऊ. वय तीस-पस्तीस. बारावी झाली किंवा बी.ए. झाले आणि घरच्या गरजेपोटी तो आखातात गेला, मुंबईला दुकानात लागला किंवा गाडी चालवू लागला. नोकरी वाईट नाही, पगार वेळेवर येतो. परंतु आपल्याला शिक्षक व्हायचे होते, वकील व्हायचे होते, हे त्याच्या मनातून गेलेले नाही. आता थोडी शिल्लक साठली आहे आणि तो घरात विषय काढतो की, मी नोकरी सोडून शिकायला जाऊ का?

घरात काय उत्तर मिळते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. "आता या वयात?"

आपण कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई फिक्‌हचे अनुयायी आहोत. त्या फिक्‌हच्या थोर इमामांत मर्व्ह या शहरातले अबू बक्र अल-कफ्फाल यांचे नाव घेतले जाते. मर्व्ह आज तुर्कमेनिस्तानात आहे. 'कफ्फाल' म्हणजे कुलपे करणारा. अरबीतल्या 'कुफ्ल' या शब्दावरूनच आपला मराठी 'कुलूप' हा शब्द आला आहे. हे गृहस्थ खरोखरच कुलपांचे कारागीर होते, आणि असेतसे नव्हेत. किल्लीसकट अगदी चिमुकले कुलूप त्यांनी घडवले होते, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. हात बसलेला, धंदा चालता. अशा स्थितीत वयाच्या तिशीत त्यांनी फिक्‌हचा अभ्यास सुरू केला. हिजरी ४१७, म्हणजे इ.स. १०२६ मध्ये ते वारले, तेव्हा खुरासानातले शाफई विद्वान त्यांना आपले गुरू मानत होते. नाव मात्र अखेरपर्यंत कुलूपवाल्याचेच राहिले, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

एवढे लांब जायचे नसेल तर आपल्या गावातलेच पाहा. बोटीवर नोकरी करणारी माणसे आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सेकंड मेट झालेला मुलगा काही काळ दर्यावर काढतो, मग बोट सोडून घरी येतो आणि फर्स्ट मेटच्या परीक्षेसाठी मुंबईला वर्गात बसतो. जुनी मंडळी त्या प्रमाणपत्राला 'तिकीट' म्हणत. त्या महिन्यांत बहुधा त्याला पगार नसतो. मर्कंटाईल मरीन डिपार्टमेंटच्या तोंडी परीक्षेत तो कधी नापासही होतो आणि पुन्हा बसतो. त्याला कोणी बेकार म्हणते का? "तिकिटाचा अभ्यास करतोय" असे आई चारचौघींत अभिमानाने सांगते. मग गोदामातली नोकरी सोडून बी.एड.ला बसलेल्या मुलाविषयी तीच आई शेजारणीशी आवाज बारीक करून का बोलते? पगार दोघांचाही थांबलेला आहे. एकाची वाट आपल्या ओळखीची आहे, दुसऱ्याची नाही, एवढाच फरक मला दिसतो.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. नोकरी सोडणे ही जोखीम आहे आणि ती हिशेबाने घ्यावी लागते. यासाठी एक उदाहरण देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या काळात ती मानाची आणि चांगल्या पगाराची जागा होती. त्यांचे लंडनचे शिक्षण मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट राहिले होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि जुलैत लंडन गाठण्यासाठी ते बोटीत बसले. वय एकोणतीस. घरी पत्नी रमाबाई आणि मुलगा. अर्थशास्त्राच्या पदव्या त्यांनी पुऱ्या केल्या, बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली परत येऊन मुंबईच्या हायकोर्टात वकिली सुरू केली. प्राध्यापकाचा वकील झाला.

ही हकिगत पुष्कळांना माहीत असते. मी लक्ष वेधतो ते त्यामागच्या पैशाकडे. पगारातून त्यांनी स्वतः बचत केली होती. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले. हे तेच महाराज, ज्यांच्या पुढाकाराने १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. आणि चौथा वाटा रमाबाईंचा. त्यांनी मुंबईत ती वर्षे काटकसरीत काढली, म्हणून लंडनचा अभ्यास पुरा झाला. स्वतःची शिल्लक, मित्राचे कर्ज, वडीलधाऱ्याची मदत आणि घरातल्या बाईचे सोसणे. यातला एक पाय काढला असता तर खाट उभी राहिली नसती. आपल्याकडे जो तरुण नोकरी सोडायला निघतो, त्याच्या खाटेला बहुतेक वेळा एकच पाय असतो, त्याची स्वतःची शिल्लक. ती तिसऱ्या सहामाहीत संपते आणि तो पुन्हा विमानात बसतो.

म्हणून, ज्यांच्या मनात हा विचार आहे त्यांनी आधी एक वही घ्यावी. समजा, घरखर्च दरमहा अठरा हजार आहे आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. चोवीस महिन्यांचे चार लाख बत्तीस हजार झाले. परंतु निकाल लागला त्या दिवशी नोकरी दाराशी येत नाही, म्हणून आणखी सहा महिने धरा. ते एक लाख आठ हजार. एकूण पाच लाख चाळीस हजार. फी, पुस्तके, एस.टी.चा पास वेगळा. पत्नी शिवणकाम करून महिना पाच हजार मिळवीत असेल तर तीस महिन्यांचे दीड लाख वजा करा. राहिले तीन लाख नव्वद हजार, अधिक फी. एवढी रक्कम हाताशी नसेल तर नोकरी आज सोडू नये. आणखी एक वर्ष करावी, आणि ते वर्ष शिक्षणाचेच पहिले वर्ष समजावे. या वहीत बहिणीचे लग्न आणि वडिलांचे औषधपाणी लिहायला विसरू नका. आपल्या घरांत शिल्लक बहुधा तिथेच जाते.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. नोकरी सोडावीच लागते का? दहावी-बारावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. पदवीसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पगार सोडून बी.ए. करायला बसणे म्हणजे माझ्या मते उधळेपणा आहे. मुंबईत तर नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळच्या आणि रात्रीच्या वर्गांची जुनी परंपरा आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा तिथे सकाळचे वर्ग ठेवले, कारण दिवसा पोट भरणारी मुले त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

काही शिक्षण मात्र हजेरीशिवाय होत नाही. बी.एड., नर्सिंग, आय.टी.आय. ही त्यातली. इथे नोकरी सोडावी लागते, आणि इथेच माणूस फसण्याचा संभव अधिक. "हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या," असे सांगून परराज्यातल्या पदव्या विकणारे एजंट आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचले आहेत. त्यांच्या नादी लागू नका. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. शिक्षक प्रशिक्षणाची कॉलेजे मान्यताप्राप्त आहेत की नाहीत हेही पाहता येते. पैसे भरण्यापूर्वी या संस्थेच्या कार्यालयात येऊन कोणत्याही शिक्षकाला विचारा. कोणी तुम्हाला परत पाठवणार नाही.

वयाचेही गणित आहे. आय.टी.आय.ला वयाची वरची अट नाही, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांचे तसे नाही. तिथे अर्जाच्या आधी नियम वाचावा. महाराष्ट्र शासनाने सरकारी नोकरभरतीची कमाल वयोमर्यादा २०१६ साली खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे केली. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखला काढायचे काम आपण प्रवेशाच्या आदल्या आठवड्यापर्यंत लांबवतो. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे, आणि पहिली ते आठवीला शिकवायचे तर २०१० च्या अधिसूचनेपासून पात्रता परीक्षाही आली आहे. छत्तिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने या तारखा बोटांवर मोजून पाहाव्यात. वकिली करू इच्छिणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्ण वेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. सनद घ्यायच्या वेळी तरी नोकरी सोडावीच लागेल, आणि सुरुवातीच्या वर्षांत ज्येष्ठ वकिलाकडे हाती फारसे काही पडत नाही. तेही महिने त्या वहीत लिहा.

आता विद्यार्थ्यांना दोन शब्द. तुमच्यापैकी काहींचे अब्बा किंवा भाईजान परदेशातून परत आले आहेत. सौदी अरेबियात २०११ साली निताकतचे नियम आले, २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे दरमहा शुल्क लागू झाले, २०२० साली महामारीत तर अनेकांच्या नोकऱ्याच गेल्या. परत आलेला माणूस घरात बसून असतो तेव्हा तो आळशी झाला असे समजू नका. त्याला पुन्हा शिकायची इच्छा असेल तर सर्वांत मोठी अडचण अभ्यासाची सवय मोडल्याची असते. दहा वर्षांत त्याने अर्जाखेरीज काही लिहिलेले नसते. तीन तास बसून पेपर लिहायचा म्हणजे त्याची बोटे दुखतात. तुम्ही त्याच्या शेजारी आपले दप्तर घेऊन बसा. मोबाईलवर फॉर्म भरणे तुम्हाला येते, ते त्याला करून द्या. वर्गात त्याला 'अंकल' म्हणून हसणारी मुले भेटणारच आहेत. घरात तरी तो विद्यार्थी असू द्या.

भगिनींविषयी न बोलता पुढे गेलो तर अन्याय होईल. आपल्या अनेक मुली लग्नाआधी खाजगी शाळेत किंवा दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर काम करतात. त्यांतली एखादी ते काम सोडून नर्सिंग किंवा डी.एड. करायचे म्हणते, तेव्हा घरचे म्हणतात, आता स्थळ बघायचे आहे. मी वडिलांना एवढेच विचारतो की, मुलाच्या शिक्षणासाठी शिल्लक मोडताना तुम्ही जो हिशेब केला, तो मुलीसाठी एकदा तरी मांडला आहे का? न मांडताच 'नाही' म्हणणे बरोबर नव्हे.

अखेरीस संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. आपल्या बहुतेक शिष्यवृत्त्या गुणवंत मुलांसाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु बत्तीस वर्षांच्या विद्यार्थ्याला त्यांतली एकही मिळत नाही. बँकेच्या कर्जाला व्याज असते, म्हणून आपल्यातले अनेक जण तिथे जायला तयार नसतात. अल्पसंख्याकांसाठी राज्याचे मौलाना आझाद महामंडळ आहे, त्याची शैक्षणिक कर्ज योजनाही आहे, पण तिथेही वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटी पाहाव्या लागतात. जमातीने आणि संस्थेने मिळून कर्ज-ए-हसनाचा एक छोटासा निधी उभारावा, असे मला सुचवायचे आहे. फार मोठी रक्कम नको. वर्षाला दोन किंवा तीन माणसांचा सहा महिन्यांचा घरखर्च निघाला तरी पुरे. पैसे फीसाठी न देता घरखर्चासाठी द्यावेत, कारण फीपेक्षा रेशनच माणसाला वर्गातून उठवते. तो कमावू लागला की हप्त्याहप्त्याने परत करील, आणि तेच पैसे पुढच्याला मिळतील. जकातीतून यासाठी काही देता येईल का, हे उलेमांना विचारून ठरवावे. तो माझा प्रांत नाही.

आणि हा निधी दिला तर त्याचा चेक पती-पत्नी दोघांच्या संयुक्त खात्यावर द्यावा. त्या दोन वर्षांत घर तीच चालवणार आहे.