थप्

उभं राहूनच बोलणार आहे, फक्त एक हात या टेबलावर ठेवू द्या.

डेहराडूनच्या ड्रिल मैदानावर आमचे उस्ताद पाठमोरे उभे राहूनही सांगायचे, कुणाची टाच उशिरा पडली. दोन वर्षांपूर्वी आमची ही स्वयंपाकघरातून माझं उजवं पाऊल तसंच ओळखायला लागली. आधी फरफट, मग थप्.

पक्षाघातानंतर बोलणं परतलं, हातही बराचसा आला. पाऊल मात्र लटकतच राहिलं. डॉक्टर त्याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. नडगीपुढचा स्नायू हुकूम ऐकत नाही, पंजा वर उचलला जात नाही, बोटं जमिनीला घासतात. मग माणूस कंबरेतून पाय फिरवून टाकतो. चप्पल वाटेतच राहते. देवघराच्या उंबरठ्याला अडखळून मी पडलो, तेव्हा मुलगी आम्हांला बंगळूरला घेऊन गेली. तिथे घोट्यासाठी रोबोट होता.

रोबोट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातला यंत्रमानव! प्रत्यक्षात एक खुर्ची, मोटर लावलेली पट्टी, तिच्यावर पाऊल बांधायचं, समोर पडदा. पंजा वर केला की पडद्यावरचा चेंडू वर जातो. यंत्र क्षणभर तुमची वाट बघतं. तुम्ही कमी पडलात तर उरलेलं अंतर ते ढकलतं. मदत गरजेपुरतीच.

इथेच मी लबाडी केली. पहिला आठवडा पाय सैल सोडून बसलो. चेंडू छान उडत होता, गुण वाढत होते, ही खूश. मग फिजिओथेरपिस्ट पोरीने पडद्यावरची दुसरी रेघ दाखवली. माझ्या स्वतःच्या ताकदीची. ती जवळपास सपाट होती. “अंकल, बॉल तो मशीन ने उठाया.” पलटण सांभाळलेला माणूस कॅडेटसारखा पकडला गेला. तिने मदत कमी केली, आणि त्या दिवशी निम्मे चेंडू हुकले. घरी येऊन मी कुणाशी बोललो नाही.

पण कारण तिने नीट समजावलं होतं. मेंदू नवी वाट शोधतो ती स्वतः केलेल्या प्रयत्नातून, शेकडो वेळा. कुणीतरी पाय हलवून दिला, तर सांधा मोकळा राहतो, एवढंच. अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘अँकलबॉट’ नावाचं असं यंत्र बनलं. बाल्टिमोरला त्यावर अभ्यास झाला, तो 2011 साली छापून आला. पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या 8 जणांनी 6 आठवडे बसूनच घोट्याचा सराव केला आणि त्यांचा चालण्याचा वेग सुमारे 20 टक्के वाढला. बसून केलेला सराव चालण्यात उतरला, हे मला विशेष वाटलं. अर्थात 8 म्हणजे आपल्या एका सेक्शनहूनही कमी माणसं, तुलनेला दुसरा गट नाही. तेवढ्यावर फत्ते जाहीर करू नये.

इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठूनही ऐकत असाल, तुमच्याजवळ असं यंत्र नसेलही. आता माझ्याजवळही नाही. आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. मी सकाळी खुर्चीत बसतो, टाच जमिनीवर, पंजा वर, मोठ्याने मोजतो. ही भाजी चिरता चिरता चुकलेले आकडे पकडते.

बाहेर जाताना बुटात प्लास्टिकची पट्टी अजून लागते. घरात नाही. परवा हिला विचारलं, आवाज येतो का गं? म्हणाली, “संध्याकाळी येतो. दमलात की.”