आधी माणूस, मग फेलोशिप



आपले अधिवेशन नालासोपाऱ्याजवळच्या गासमध्ये भरले आहे. नालासोपाऱ्याहून लोकल पकडली की कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), पवईची आयआयटी यांपैकी काहीच लांब नाही. तरीही पीएच.डी.चा प्रबंध संपत आला की आपली मुले-मुली गोंधळतात. पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागा कशी शोधायची, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

ती जाहिरातीची वाट पाहतात. बँकेच्या, रेल्वेच्या भरतीत ते बरोबर आहे. इथे मात्र आधी माणूस शोधायचा, मग पैसा. केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने (एसईआरबी) सुरू केलेली आणि आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे (एएनआरएफ) आलेली राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप घ्या. तिच्या अर्जाआधी मार्गदर्शक शास्त्रज्ञाची आणि त्याच्या संस्थेची संमती मिळवावी लागते. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपलाही यजमान शास्त्रज्ञाचा होकार लागतो. जपानच्या जेएसपीएस फेलोशिपच्या खुल्या निवडीत तर अर्जच तिथला यजमान संशोधक करतो. म्हणून प्रबंध सादर होण्याच्या वर्षभर आधी पत्रे लिहायला लागा. प्रबंध सादर केला आणि पदवी हाती यायची आहे, एवढ्यावरही राष्ट्रीय फेलोशिपला अर्ज करता येत आला आहे. तिथे वयाची अट ३५ वर्षांची ठरवलेली होती आणि महिलांना पाच वर्षांची सवलत होती. मुलींनी हे लक्षात ठेवावे.

पत्र कसे असावे? एकच मजकूर पन्नास प्राध्यापकांना पाठवू नका. पाच जण निवडा, त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध खरोखर वाचा, आणि त्यांच्या कोणत्या प्रश्नावर तुम्ही काय करू शकता ते चार ओळींत सांगा. सोबत बायोडेटा आणि आपला सर्वांत चांगला निबंध जोडा. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी नम्र आठवण करा. त्यात लाज कसली?

विषय बदलायलाही घाबरू नका. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी १९६९मध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. मनमोहन शर्मांच्या हाताखाली पीएच.डी. पूर्ण केली. पुढे ते इंग्लंडला सॅल्फर्ड विद्यापीठात गेले आणि तिथे दाट, चिकट द्रवांच्या प्रवाहावर काम केले. १९७६मध्ये ते भारतात परतून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले, १९८९मध्ये तिचे संचालक झाले. मधल्या त्या वर्षांत त्यांना नवे क्षेत्र मिळाले. पोस्टडॉकचा खरा उपयोग हाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

घरच्यांशीही बोलले पाहिजे. तिशीला टेकलेल्या मुलाला ‘अजून शिकतोसच का?’ असे विचारणाऱ्या आईवडिलांचा राग धरू नये. त्यांनी शेती विकून, कर्ज काढून शिकवलेले असते. पण पोस्टडॉक हे शिक्षण नसून दोन-तीन वर्षांच्या मुदतीचे पगारी संशोधनाचे काम आहे. ते कायम नसते, हेही मुलांनी घरी आधीच स्पष्ट सांगावे.

सभागृहात बसलेल्या मार्गदर्शकांना माझी हात जोडून विनंती आहे. शिफारसपत्र शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. तुमच्या उशिरामुळे एखाद्याचे वर्ष जाते. आणि आज घरी जाण्यापूर्वी प्रबंध संपत आलेला एक तरी विद्यार्थी गाठा, आणि त्याचे पहिले पत्र त्याच्याबरोबर बसून वाचा.